सदाफुली: परडीत हवी, पोटात नको

मागच्या महिन्यात आपण परसबागेवर बोललो, तेव्हापासून आमच्याकडे एकाच प्रश्नाचे फोन येत आहेत. भाजीपाल्याचा प्रश्न नाही, खताचा नाही. प्रश्न असा, की दारातल्या सदाफुलीची पानं चावून खाल्ली तर साखर उतरते का? तीन पानं खायची की सात? पांढऱ्या फुलाची चांगली की गुलाबी? एका काकूंनी तर विचारलं नाही, सांगितलंच, की त्या दोन महिन्यांपासून रोज सकाळी अनशापोटी पानं खातात आणि गोळ्या त्यांनी बंद केल्या आहेत. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं म्हणे.

म्हणून आजचं सगळं बोलणं सदाफुलीवर. काकूंना आम्ही फोनवर जे सांगितलं ते आधी सांगतो: काकू, उद्याच गोळ्या घेऊन आरोग्य केंद्रात जा, साखर तपासा, आणि पानं आजपासून थांबवा. आता असं का म्हणालो, ते जरा सविस्तर.

सदाफुली आपल्याला इतकी ओळखीची आहे, की ती इथलीच वाटते. तुळशी वृंदावनाशेजारी, शाळेच्या कुंपणाला, देवळाच्या पायऱ्यांच्या फटीत, कुठेही उगवते. बारा महिने फुलते म्हणून सदाफुली. बंगालीत तिला नयनतारा म्हणतात, तमिळमध्ये नित्यकल्याणी. पण मूळची ती आपली नाही. तिचं माहेर मादागास्कर, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात असलेलं मोठं बेट. तिथून ती बोटींतून जगभर गेली आणि जिथे ऊन मिळालं तिथे रुजली. म्हणजे कुणी सांगितलं, की सदाफुलीचा मधुमेहावरचा उपाय आपल्या ऋषिमुनींनी लिहून ठेवला आहे, तर एवढं लक्षात ठेवा, की चरक-सुश्रुतांच्या काळात हे झाड आपल्या अंगणात नव्हतंच.

तिच्या कुळातली मंडळी मात्र आपण चांगली ओळखतो. कण्हेर, रुई, तगर, सप्तपर्णी ही सगळी तिची भावंडं. कण्हेर तोंडात घालू नको, हे आपण पोरांना चालायला लागल्यापासून बजावतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देत नाही. त्याच घरातली ही धाकटी दिसायला साधी, म्हणून तिच्याबद्दल कुणी काही बजावत नाही. शेळीला मात्र कळतं. भुकेली नसेल तर शेळी सदाफुलीला तोंड लावत नाही.

आता मधुमेहाची गोष्ट कुठून आली ते ऐका, कारण ती अगदीच हवेतली नाही.

वेस्ट इंडीजमध्ये जमैका नावाचा देश आहे. तिथल्या बायका मधुमेहासाठी सदाफुलीच्या पानांचा चहा करून देत असत. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरांनी या झाडाची २५ पानं एका पाकिटात घालून कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना टपालानं पाठवली. क्लार्क नोबल तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी ते पाकीट आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिलं. रॉबर्ट नोबल वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करत होते.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखरेवर काहीही फरक पडला नाही. मग त्यांनी तो टोचून दिला. साखर तरीही तशीच, पण उंदीर आजारी पडून मरू लागले. अंगात जंतू माजले होते. का, म्हणून रक्त पाहिलं, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आलेल्या. पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीरातले राखणदार. राखणदारच गेले, तर चोर घरात शिरणारच.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मधुमेहाचं औषध नाही ना, टाकून द्या. नोबल यांनी टाकून दिलं नाही. त्यांच्या मनात आलं, की ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या आजाराला हेच उपयोगी पडलं तर? तो आजार म्हणजे रक्ताचा कर्करोग. चार्ल्स बीअर नावाचे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला आले, आणि पानांच्या ढिगातून त्यांनी एक द्रव्य शुद्ध करून काढलं. त्याला आज विनब्लास्टिन म्हणतात. १९५८ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीचे संशोधकही याच झाडावर काम करत होते. त्यांच्या हातून पुढे विनक्रिस्टिन हे दुसरं औषध आलं आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

ही औषधं काय करतात ते घरगुती भाषेत सांगतो. शरीरातली एक पेशी दुभंगून दोन होतात, तेव्हा आतल्या ऐवजाची दोन सारखी वाटणी व्हावी लागते. त्यासाठी पेशीच्या आत बारीक दोऱ्या तयार होतात आणि त्या दोन बाजूंना वाटणी ओढून नेतात. सदाफुलीचं औषध या दोऱ्या तयारच होऊ देत नाही. वाटणी अडते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगतात, म्हणून त्यांना याचा फटका जास्त बसतो. पण चांगल्या पेशींनाही बसतोच. केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात, जबडा दुखतो, शौचाला घट्ट होतं.

आणि मात्रा किती? विनक्रिस्टिन मोठ्या माणसालासुद्धा एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. दोन मिलिग्रॅम म्हणजे साधारण साखरेच्या एका जाड दाण्याचं वजन. ते फक्त शिरेतून द्यायचं. शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी आणि मांस जळतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस जातो. म्हणून मोठ्या रुग्णालयात हे इंजेक्शन देताना दोघा-दोघांनी नाव, मात्रा आणि जागा तपासून पाहायची पद्धत असते.

आता सांगा, साखरेच्या दाण्याएवढ्या मात्रेला जिथे एवढी राखण, तिथे आपण ‘तीन पानं घ्या, फरक नाही पडला तर सात घ्या’ असं एकमेकींना सांगावं का?

एक बाजू मात्र सरळ सांगायला हवी. पानात ही औषधी द्रव्यं फारच कमी असतात. ग्रॅमभर औषध काढायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. शिवाय तोंडावाटे घेतलं तर ती अंगात नीट भिनतही नाहीत. म्हणून एखादीनं चार दिवस दोन पानं चावली तर तिला लगेच काही होईल, असं घाबरवायला आम्ही बसलेलो नाही. पण या झाडात शंभराहून जास्त प्रकारची अल्कलॉइड द्रव्यं आहेत. मुळांमध्ये रक्तदाबावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. तुमच्या दारातल्या झाडाच्या पानात कुठलं किती आहे, हे ना तुम्हाला माहीत, ना आम्हाला, ना मोबाईलवर पाठवणाऱ्याला. झाडाचं वय, ऊन, पाणी, जात, सगळ्यानं ते बदलतं. रोज महिनोन्महिने खाल्लं तर काय होईल, याची हमी कोण देणार?

नोबल यांच्यानंतर इतरांनी ससे आणि उंदरांवर प्रयोग केले. त्यातल्या काहींत साखर उतरल्याचं दिसलंही. पण सशाची साखर उतरली म्हणजे आपलं औषध झालं असं नव्हे. त्याआधी ते माणसांवर नीट तपासून, मात्रा ठरवून, दुष्परिणाम पाहून घ्यावं लागतं. अशी तपासून ठरवलेली सदाफुलीची मात्रा आज कुठल्याही डॉक्टरकडे नाही. गोळ्यांची आहे.

खरा धोका तर वेगळाच आहे, आणि तो पानांपेक्षा मोठा आहे. पानं सुरू झाली की गोळ्या सुटतात. साखर वाढली तरी बरेच दिवस काही कळत नाही. जेवण जातं, कामं होतात, आणि वाटतं, बघा, पानांनी बरं आहे. आतून डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा खराब होत असतात. पायाला काटा टोचलेला कळत नाही. जखम चिघळली की मग धावाधाव. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींनी घरात हे पाहिलं आहे.

काही जणी उलटं करतात. गोळ्याही चालू आणि वर पानांचा रसही. तेव्हा साखर फार खाली गेली तर दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं कुणाला झालं तर कारण शोधत बसू नका. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आधी पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा.

गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं तर या झाडाचा रस, काढा, चूर्ण, काहीच घेऊ नये. पेशींचं दुभंगणं अडवणारं झाड आहे हे, आणि पोटातलं बाळ वाढतं ते पेशी दुभंगूनच. एखाद्या लेकरानं पानं किंवा शेंगा खाल्ल्याचं दिसलं तर ओकारी काढायच्या भानगडीत न पडता त्याला दवाखान्यात न्या, आणि झाडाची एक फांदी सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना ओळख पटेल.

“गोळ्या परवडत नाहीत म्हणून पानं खाते,” असं एका ताईंनी सांगितलं. ताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. एखादे दिवशी साठा संपलेला असतो, हेही आम्हाला माहीत आहे. तेव्हा एकटीनं परत येऊ नका. गटातल्या चौघी मिळून जा, आशाताईंना सोबत घ्या, साठा कधी येणार ते विचारा. आणि ज्या वैद्यांचं किंवा डॉक्टरांचं औषध चालू आहे त्यांना आपण आणखी काय काय खातो ते सांगा. ते रागावतील म्हणून बायका लपवतात. रागावू द्या, पण सांगा.

आता याच झाडाची दुसरी बाजू, आणि ही बाजू आम्हाला फार मोलाची वाटते.

१९५० च्या आसपास लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तर ते मूल बहुधा काही महिन्यांतच जायचं. आज लहान मुलांमध्ये जो रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, त्यातली बहुतेक मुलं चांगल्या केंद्रात वेळेवर गेली आणि उपचार पूर्ण झाले तर बरी होतात. शाळेत जातात, पुढे त्यांची लग्नं होतात. हे एकट्या सदाफुलीनं झालेलं नाही, बरीच औषधं एकत्र द्यावी लागतात, पण विनक्रिस्टिन त्यातलं एक मुख्य औषध आहे. मुलांच्या मूत्रपिंडाच्या एका गाठीवरही ते देतात. आणि विनब्लास्टिन हजकिन्स नावाच्या गाठींच्या कर्करोगावर वापरतात.

गावात हा आजार उशिरा कळतो. म्हणून लक्षणं कानावर असू द्या. मूल पांढरंफटक पडत चाललं आहे, ताप येतो-जातो आणि औषधानं राहत नाही, मार न लागता अंगावर निळे-काळे डाग येतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, हाडं दुखतात म्हणून लेकरू लंगडतं किंवा रात्री रडतं, मानेत, काखेत गाठी लागतात. यातलं एखादं लक्षण साध्या आजारातही असतं, त्यानं घाबरू नका. पण दोन-तीन एकत्र दिसली तर दृष्ट काढण्यात आठवडे घालवू नका. रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होते आणि तिच्यावरून पुढचा रस्ता कळतो. हा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मुलांचा वेगळा विभाग आहे आणि तिथले समाजसेवक पैशाची, राहण्याची वाट दाखवतात. मध्येच मूल हसायला-खेळायला लागलं म्हणून उपचार सोडणं, हे सगळ्यात वाईट. आणि मुलीच्या बाबतीत तो जास्त लवकर सोडला जातो, हेही बोलून टाकतो.

असल्या मुलाला ‘औषध सदाफुलीचंच आहे ना, मग घरीच रस देऊ’ असं कुणी सुचवलं, तर तिथल्या तिथे अडवा.

ज्या बायकांच्या चहावरून हे सगळं सुरू झालं, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. ज्या बेटावरून झाड आलं, त्या मादागास्करलाही या औषधांच्या कमाईतून काही मिळालं नाही. आपल्याकडे २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. गावातल्या कुठल्या झाडाचा कोण कसा उपयोग करतं, ते त्यात लिहायचं असतं. पुढच्या ग्रामसभेत ती वही उघडून बघा. त्यात आपल्या आज्यांना जे ठाऊक आहे ते आहे का, की कुणीतरी कचेरीत बसून भरली आहे?

दोन गटांनी विचारलं आहे, की सदाफुलीची शेती करावी का, एक माणूस रोपं विकायला आला होता. तामिळनाडूच्या कोरडवाहू भागात ही शेती होते, तिथून पाला आणि मुळं कंपन्यांकडे जातात. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेनं त्यासाठी ‘निर्मल’ आणि ‘धवल’ अशा पांढऱ्या फुलांच्या जातीही काढल्या आहेत. म्हणजे फसवाफसवीच असते असं नाही. पण रोपं विकणारा आणि पाला घेणारा हे दोन वेगळे लोक असतात, आणि आपल्याकडे नेहमी पहिलाच येतो. घेणारी कंपनी कोणती, भाव काय, वाळवून किती ओलावा चालतो, उचल कोण करणार, हे सही-शिक्क्यानिशी हातात पडल्याशिवाय गटाचा एक रुपयाही गुंतवू नका. शिवाय २०२२ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यीस्टच्या पेशींमध्ये फेरफार करून विनब्लास्टिनचे घटक प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. ते बाजारात यायला वेळ लागेल, पण पाल्याचा भाव कायम राहीलच असं धरून चालू नये. आम्हाला विचाराल तर कुंपणाला सदाफुली लावा आणि शेतात आपली तूर-भुईमूग राहू द्या.

कुंपणाला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही. ऊन हवं, तेही भरपूर. सावलीत नुसती लांबट वाढते. जमीन कशीही चालते, मुरमाड असली तर उत्तम. तिला मारायचं असेल तर एकच उपाय, रोज तांब्या-तांब्या पाणी घाला. मुळं कुजतात आणि हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. कुंडीत किंवा जुन्या डब्यात लावणार असाल तर खाली भोकं पाडा, मातीत तिसरा हिस्सा वाळू घाला, आणि माती वरून सुकली की मगच पाणी द्या, तेही बुडाशी. शेणखत लावताना ओंजळभर घातलं तेवढं पुष्कळ. खताचा मारा केला तर पानंच पानं होतात, फुलं कमी. झाड उंच, किडकिडीत झालं की शेंडे खुडा. खुडलेल्या जागी दोन-दोन फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं. खुडलेला पाला जनावरांच्या चाऱ्यात टाकू नका. भुकेलं जनावर चाऱ्याबरोबर तेही खाऊन जाईल. खतखड्ड्यात जाऊ द्या.

कधी कधी फुलं हिरवी पडतात, पानं बारीक बारीक होऊन झुपका होतो. वांग्याला पर्णगुच्छ रोग होतो ना, तसाच हा प्रकार. तुडतुडे तो पसरवतात. त्यावर औषध मारण्यात अर्थ नाही, झाड मुळासकट उपटून जाळा, नाहीतर जवळच्या वांग्यांनाही त्रास.

रोपवाटिकेत हल्ली मोठ्या फुलांची, जांभळी, लाल, केशरी अशी संकरित सदाफुली मिळते. दिसते सुरेख. पण पावसात ती आपल्या गावठीइतकी टिकत नाही आणि तिच्या बियांतून तसाच रंग येईल याचा भरवसा नाही. गावठीचे तीन रंग, गुलाबी, पांढरा आणि लाल डोळ्याचा पांढरा, एकाआड एक लावले तर देवाला रोजची फुलंही होतात आणि फुलपाखरंही येतात. फुलाची नळी इतकी बारीक असते, की लांब सोंडेवाल्यांनाच आतला मध मिळतो.

बी विकत घेऊ नका. फूल गळलं की त्या जागी दोन बारीक शेंगा जोडीनं येतात. त्या हिरव्याच्या पिवळसर झाल्या की तोडा. वाट बघत बसलात तर फुटून बी मातीत जातं. शेंगा कागदाच्या पुडीत सुकवल्या की काळं, राईहून बारीक बी सुटतं. या बियांना रुजताना अंधार लागतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, आणि म्हणून बी वरवर टाकून ‘उगवलंच नाही’ म्हणतात. बियांवर मातीचा पातळ थर द्या, वर ओलं गोणपाट टाका. आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब दिसले की गोणपाट लगेच काढा. चार-सहा पानांचं रोप झालं की हातभर अंतरावर लावा. जोराचा पाऊस सरल्यावर पेरलंत तर रोपं कुजत नाहीत. ज्यांच्याकडे लाल डोळ्याची पांढरी नाही त्यांनी केंद्रावर निरोप ठेवा, आमच्याकडे पुड्या बांधून तयार आहेत.